सहावी ओळ

पाचव्या नावाखाली बारा मिलिमीटर जागा मोकळी होती. क्वाबेनाने पडद्यावर पट्टी लावून पाहिली. कालही बारा, परवाही बारा. आणि दोन्ही दिवशी संध्याकाळी ती रिकामी ओळ त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकली होती.

"डब्याने आजही खाल्लं का काही?" झाडू भिंतीला टेकवत मालकांच्या बायकोने, सेर्वा आंटीने विचारलं.

"खाल्लं नाही आंटी, ओकलाय. काढलेली ओळ परत आणतो."

संगणक चोवीस वर्षांचा. कुमासीच्या या भागातल्या निम्म्या मयतांची, नातेवाइकांच्या नावांसकट भिंतींवर लागणारी पोस्टरं त्याच्यावरच जुळली होती. त्याच्या घड्याळाची बॅटरी कधीच मेली होती. वीज गेली की तो २००२ सालच्या एक जानेवारीला जाऊन बसे. कुठली फाइल कधी बदलली, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

या वेळचं पोस्टर खुद्द छापखान्याच्या मालकांचं होतं. एजिमानना जाऊन सात आठवडे झाले होते. देह शवागारात होता, अंत्यविधी येत्या शनिवारी. आज पोस्टर भिंतींवर लागलं नाही, तर मालकांच्या कुळाचे प्रमुख नाना अमांक्वा ते काम बाजारातल्या नव्या छापखान्याला देणार होते. ज्या छापखान्याला मालकाचंच पोस्टर जमलं नाही, त्याची पायरी मग कोण चढणार? चौतिशीच्या क्वाबेनाला दुसरं काम येत नव्हतं.

त्याने ओळ काढली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. ओळ गेलेलीच. चारदा करून पाहिलं, चारही वेळा गेलेलीच. मग सकाळी ती येते कुठून?

तीन वर्षांपूर्वी त्याची आई गेली. समोरच्या कोपऱ्यावर ती केळी तळून विकायची. तिचं पोस्टर याच मशीनवर बिनचूक निघालं होतं. तेव्हा मात्र एजिमाननी त्याला एकही अक्षर जुळवू दिलं नव्हतं. सगळं स्वतः बसून केलं होतं.

दुपारी नाना आले. काठी संगणकाकडे रोखून म्हणाले, "झालं का रे? की आता याचंच पोस्टर काढायचं?"

"हा माझ्याआधी मरणार नाही, असं मालक म्हणायचे, नाना."

"तेवढा एक शब्द पाळला त्याने."

आंटी हसली नाही.

नाना पडद्यावर वाकून मोठ्याने वाचू लागले. पत्नी, भाऊ, बहिणी. मग मुलं. बोटांवर पाच मोजून ते थांबले.

"हे खाली रिकामं काय?"

"मशीनची चूक आहे. आत्ता काढतो." क्वाबेनाचे कान तापले.

"पाच मुलं, पाच ओळी. पहिलीतलं पोरही करेल."

त्याने बोट कळीवर ठेवलं.

"राहू दे ती ओळ," आंटी म्हणाली.

दोघांनीही वळून पाहिलं. ती दारात उभी होती, अंगावरच्या सुतकी काळ्या कापडाचा काठ मुठीत घट्ट धरून.

"मशीनची चूक नाही, नाना. रोज सकाळी हा यायच्या आत ती ओळ मीच घालते. तोंडाने बोलायचा धीर होत नव्हता." मग ती त्याच्याकडे वळली. "क्वाबेना, तिथे तुझं नाव लिही."