केतकीचा डबा

“आठवडाभर बसून बघ. नाहीच रुचलं तर शनिवारी नाव काढून घेऊ,” असं बाबांनी कबूल केलं होतं. सॉफ्टवेअरच्या कोर्सला जायला लागल्यापासून केतकीचं एकच पालुपद होतं, “हे माझं काम नाही.”

शनिवारी लॅबमध्ये तिनं ठिपक्यांची रांगोळी काढणारा प्रोग्राम लिहिला. ठिपके उमटले, पण सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटलेल्या. मधल्या सुट्टीत मैत्रिणी उठल्या. “आलेच,” म्हणत ती बसून राहिली. दारातली रांगोळी आठवून तिनं बाकावर बोटानं ठिपके मांडले. अरेच्चा! खालचा ठिपका वरच्या दोघांच्या मधोमध यायला हवा! तिनं ओळी सरकवल्या, आणि पडद्यावर रांगोळी अशी जुळून आली की केतकी एकटीच हसली.

कॉलेज सुटलं तेव्हा गेटपाशी बाबा स्कूटर घेऊन उभे होते.

“चल, ऑफिस बंद व्हायच्या आत प्रवेश रद्द करून टाकू.”

“थांबा ना बाबा, आधी जेवते. डबा खायचाच राहिला.”

भूक लागली की घर डोक्यावर घेणाऱ्या लेकीचा डबा बाबांनी हातात घेऊन पाहिला. तसाच जड. त्यांनी स्कूटर घराकडे वळवली.

“सोमवारपासून डब्यात टिकणारं काहीतरी द्यायला सांगतो तुझ्या आईला.”