भर उन्हात हीटर

गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली, तेव्हा मेस्त्री जेवायला बसणार होता. हात धुऊन झाले होते, डब्याचं झाकण तेवढं उघडायचं राहिलं होतं. सकाळपासून तीन गाड्यांखाली आडवं पडून त्याची कंबर पार कामातून गेली होती. उद्या या म्हणून सांगावं, असं ठरवूनच तो उठला.

गाडीच्या चारही काचा खाली होत्या. स्टिअरिंगवर चाळिशीची एक बाई. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद. मेस्त्रीनं खिडकीतून आत डोकं घातलं आणि झटकन मागे घेतलं.

"हीटर लावलाय तुम्ही? या उन्हात?"

"लावला की इंजिनाची गरमी आत येते आणि काटा खाली उतरतो," ती म्हणाली. "नाहीतर सरळ लालमध्ये जातो."

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन आठवडे."

उद्या या म्हणायचं राहूनच गेलं. मेस्त्रीनं बॉनेट उघडलं.

पाणी पुरेसं होतं. गळती कुठे नव्हती. पट्टा घट्ट होता. पंख्याला त्यानं थेट बॅटरीची वायर जोडून पाहिली, तर तोही गरगर फिरला. बाई बाजूला उभी राहून सांगत होती, एकानं रेडिएटर बदला म्हटलं, दुसऱ्यानं पंप, तिसऱ्यानं गाडीच काढून टाका म्हटलं. मेस्त्री नुसता हं हं करत होता. मग त्यानं हात खाली घालून रेडिएटरच्या खालच्या पाइपाला बोटं लावली आणि तिथेच थांबला.

"इथे हात लावा. घाबरू नका."

तिनं लावला. "गार आहे."

"इंजिन रसरसतंय आणि हा गार. म्हणजे पाणी आतल्या आतच तापतंय, बाहेर निवायला येतच नाहीये. मध्ये एक झडप असते. ती उघडत नसणार."

इंजिन निवेपर्यंत काही खोलता येणार नव्हतं. ती भिंतीलगतच्या बाकावर बसली. मेस्त्रीनं तिला पाणी दिलं. ते तिनं एका दमात संपवलं.

"सासूबाईंना दिवसाआड दवाखान्यात न्यावं लागतं," ती म्हणाली. "त्या मागे बसतात, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. म्हणतात, आजार न्यायचा तेव्हा नेईल, तुझी गाडी त्याच्या आधीच नेतेय मला."

मेस्त्रीला हसू फुटलं. तीही हसायला गेली, पण ते अर्ध्यातच राहिलं.

"घरात दुसरं कोणी चालवत नाही?"

"चौघं चालवतात. गाडी सगळ्यांची आहे." तिनं कपाळावरचा घाम पुसला. "तापली की माझी."

अर्ध्या तासानं त्यानं पाणी काढलं, दोन बोल्ट सोडवले आणि झडप बाहेर काढली. तळहातावर मावेल एवढी. तशीच एक नवी त्याच्या कपाटात होती. त्यानं चहाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि दोन्ही झडपा तारेला बांधून आत सोडल्या. दोघंही पातेल्यावर वाकून बघत राहिले. पाण्याला उकळी फुटली तशी नवी हळूहळू उघडली. जुनी ढिम्म हलली नाही.

"एवढंसंच?" तिनं विचारलं.

"एवढंसंच."

"घरी सगळे म्हणत होते, तुलाच नीट चालवता येत नाही." हे तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मेस्त्रीनं तार वर उचलली. "दुसऱ्या कोणाच्या हातात असती, तर पहिल्याच आठवड्यात इंजिन जाम झालं असतं. तीन आठवडे तुम्ही ते राखलंत."

ती तारेवरच्या झडपांकडे बघत म्हणाली, "ती जुनी मला द्याल? घरी न्यायचीय."

त्यानं ती पुसून दिली. तिनं ती रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली.

नवी झडप बसली. मेस्त्रीनं पाणी भरलं, आतली हवा काढली, इंजिन सुरू केलं आणि काट्यावर नजर ठेवून बसला. काटा मध्यापर्यंत चढला आणि तिथेच राहिला. हीटर बंद केला, तरी तिथेच. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. त्यानं इंजिन बंद केलं आणि सांगायला मागे वळला.

ती बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. मान भिंतीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, पर्स छातीशी.

तेवढ्यात गाडीत तिचा फोन वाजला. पडद्यावर 'घर' असं आलं होतं. ती जागी होईल म्हणून मेस्त्रीनंच तो घाईघाईनं उचलला.

"झाली का गाडी?" पुरुषी आवाज. "चारला निघायचंय मला."

"मेस्त्री बोलतोय. अजून तास लागेल."

"तास? एवढं काय करताय?"

मेस्त्रीनं बाकाकडे पाहिलं. "नाजूक काम आहे. घाई करून चालायचं नाही."

फोन ठेवून तो डबा घेऊन बसला. पहिला घास तोंडात घालतो न घालतो, तोच शेजारचा डेंटिंगवाला जेवून परतला आणि ठणाठण पत्रा ठोकायला लागला. मेस्त्री कमरेला हात लावत उठला आणि उष्ट्या हातानंच त्याच्या दाराशी गेला.

"तासभर हातोडा ठेव रे."

"का? कोण गेलं काय?"

"गेलं नाही. झोपलंय."

डेंटिंगवाल्यानं मान लांबवून बाकाकडे पाहिलं. मग खाली वाकून त्यानं हातोडा जमिनीवर ठेवला, आवाज होणार नाही असा.