पांढराशुभ्र ब्रश

वीस वर्षं मी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करतेय. घरात मात्र माझ्या बोलण्याला कवडीची किंमत नाही. माझ्या कटकटीला वैतागून नवऱ्याने सिगरेट सोडली आणि काही दिवसांतच त्याचा ब्रश लाल व्हायला लागला.

"तुझं ऐकलं आणि हिरड्यांची वाट लागली!" तो सासूबाईंसमोर माझ्यावर ओरडला.

"हिरड्या आधीपासूनच सडल्यात. सिगरेटने आतल्या शिरा आवळल्या होत्या, म्हणून रक्त येत नव्हतं एवढंच. डॉक्टरांना दाखवून घे."

"मला अक्कल शिकवू नकोस."

त्याने पुन्हा पाकीट आणलं आणि हळूहळू रक्त थांबलं. मग काय, रोज सकाळी पांढराशुभ्र ब्रश माझ्या नाकासमोर नाचवायचा, "बघ, एक थेंब नाही!" सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. वर्षभर मी दातओठ खात तो ब्रश बघत राहिले.

आज त्याने सफरचंदाचा चावा घेतला आणि समोरचा दात सफरचंदातच राहिला. मी ते बशीत ठेवलं, त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाले,


"बघ, एक थेंब नाही!"