बाबांचा जीन

"हेमांगीताई, वडिलांच्या आतड्याच्या कर्करोगामागचा सदोष जीन तुमच्यात आलाय. धाकट्या शर्वरीत नाही," डॉक्टर म्हणाले. "कर्करोग होईलच असं नाही, पण दुर्बिणीने नियमित तपासावं लागेल."

शर्वरीने सुटकेचा श्वास सोडला, तो हेमांगीच्या जिव्हारी लागला. गोरा रंग हिला, गोड गळा हिला, आणि आता हेही! तिने बहिणीचे फोन घेणंच सोडलं.

पहिल्याच तपासणीत छोटी गाठ सापडली. ती वाढण्याआधीच डॉक्टरांनी काढली. हेमांगी बाहेर आली, तर बाकावर शर्वरी बसलेली. चेहरा पार सुकलेला.

"तू कशाला आलीस?"

"भावजी म्हणाले, तपासणीसाठी ताई कालपासून उपाशी आहे. माझ्याही घशाखाली घास उतरला नाही."

हेमांगीच्या मनातला हेवा काही गेला नव्हता. तरी तिने शर्वरीचा हात धरला.

"चल, आधी दोघी जेवू."