सालींचा थर

दिवसभर सासूबाईंचं आजारपण काढायचं आणि संध्याकाळी अंगणातल्या गुलाबाच्या वाफ्यांत तण उपटत बसायचं, यात माझी कंबर पार गेली. भांडी घासायला येणाऱ्या यशोदाबाई मला तण उपटायला मदत करायच्या आणि तो सगळा पाला ओच्यात भरून घरी न्यायच्या. शेळीसाठी नेत असतील, असं मी धरून चालले होते.

शेवटी वैतागून सगळ्या वाफ्यांवर झाडाच्या सालींचा जाड थर पसरला. महिना झाला, तणाची काडी वर आली नाही. चला, एक कटकट तरी मिटली!

पण सासूबाईंचं ताट जसंच्या तसं परत यायला लागलं. यशोदाबाई घरून करून आणायच्या, ती घोळची पालेभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, एवढंच सासूबाईंच्या घशाखाली उतरायचं. आता भाकरी यायची, भाजी नाही.

मी म्हटलं, "यशोदाबाई, आईंचं खाणं तुटलंय हो. हल्ली घोळची भाजी का आणत नाही?"



"कुठून आणू ताई? बठ्ठीच्या बठ्ठी घोळ तर तुमच्याच वाफ्यातली होती."