शंकाताईंची रेघ

पडद्यावर पाच वळणदार रेघा उमटल्या आणि शंकाताईंनी मान खाली घातली. सगळ्यांत खालची आपलीच असणार, यात त्यांना शंका नव्हती.

छातीचे एक्स-रे वाचणारे ते पाच डॉक्टर. "इथे काहीतरी वाटतंय," असं त्यांच्यात सगळ्यांत जास्त वेळा म्हणणाऱ्या त्याच. म्हणून हे नाव पडलं, आणि चिकटलं. पाचांतले एक विभागप्रमुख, सगळ्यांचे साहेब. त्यांचं निदान तेच खरं मानायचं, असा शिरस्ता. त्यामुळे साहेबांशी जुळलं नाही की शंकाताई चुकल्या. अशा चुका एवढ्या साठल्या की त्यांना एक्स-रे वाचण्यापासून दूर करायचं जवळजवळ ठरलंच होतं. "लोकांना उगाच घाबरवता हो तुम्ही," सहकारी हसत म्हणायचे. त्याही हसायच्या. घरी गेल्यावर मात्र जेवण जायचं नाही.

मग संख्याशास्त्राच्या बाई आल्या. त्यांनी साहेबांसकट पाचही जणांना तेच जुने एक्स-रे वेगवेगळे बसवून वाचायला लावले. गाठ आहे की नाही एवढंच विचारलं नाही. संशय शंभरात किती, तेही विचारलं.

"गाठ असलेले आणि नसलेले एक्स-रे कोण किती नीट वेगळे करतं, ते या रेघा सांगतात," बाई आता म्हणाल्या. "रेघ जितकी वर, तितकी नजर तयार. सगळ्यांत वरची यांची." त्यांचा हात शंकाताईंकडे वळला. "आणि हा फरक योगायोगाचा नाही. तेही तपासलंय."

शंकाताईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"पण साहेबांच्या निदानाशी तर यांचं जुळत नाही!" एकजण उसळला.

"या वेळी ते धरलंच नाही. त्या रुग्णांना पुढे खरंच काय निघालं, ते धरलं. साहेबांची रेघ तिसरी आहे."

तो आणखीच चिडला. "साहेबांना बाजूला ठेवायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

साहेबच खुर्ची सारून उठले. शंकाताईंकडे बघत ते चक्क हसत होते.

"मी. आमचं दोघांचं पटेना, तेव्हा म्हटलं, चुकतंय कोण ते एकदाचं कळू दे. डॉक्टर, उद्यापासून माझे एक्स-रेसुद्धा शेवटी तुम्हीच बघायचे."