पुसायच्या आधी

"आई तुझं नावही काढू देत नाही. येऊ नकोस, फोनही करू नकोस," असं धाकट्या भावाने आईच्या आजारपणात ताईला बजावलं होतं. आई गेल्यावर तो तिचा मोबाइल, त्यातलं सगळं पुसून, विकायला निघाला.

"थांब, आधी तिचे मेसेज उतरवून घेते," ताई म्हणाली.

"गेलेल्या माणसाचे मेसेज काय करायचेत?" तो खेकसला.

ताईने मोबाइल लॅपटॉपला जोडला. आईने भावाला विचारलं होतं, "ताई कधी येणार रे?"

त्याचं उत्तर होतं, "तिला सवड नाही म्हणते."

"असू दे. तिला सांग, मी रागावले नाहीये."

ताईने सगळे मेसेज नीट जपून ठेवले आणि मगच उठून भावाच्या कानाखाली जाळ काढला.